शंभरावर अडलेला काटा

वाफेबद्दल आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं बॉयलरमास्तरांचं ठाम मत होतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळला होता त्यांनी! सोमवारी नव्या कामगारांपुढे बोलायचं, म्हणून रविवारी दुपारी त्यांनी किटली चढवली, तिच्यात काट्याचा थर्मामीटर सोडला आणि श्रोता म्हणून बायकोला समोर बसवलं. ती पायात चपला घालूनच बसली.

"अहो, चारची बस आहे. उद्या ताईचं ऑपरेशन. त्याआधी तिला भेटायचंय मला. तुम्ही येणार म्हणालात."

"पाच मिनिटं गं!"

"बरं."

पाणी खळखळायला लागलं. "बघ! काटा शंभरावर अडला! खाली आच चालू, पण पठ्ठ्या हलत नाही! मग उष्णता जाते कुठे?"

"तुम्हीच सांगा."

"वाफेत दडून बसते! सुप्त उष्णता! आणि वरून पत्ता लागत नाही!"

"लागत नाही खरा," ती घड्याळाकडे बघत म्हणाली. "चार वाजले."

बायको चिडली की आवाज चढतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक. आवाज चढला नव्हता, म्हणजे सगळं आलबेल! ते आणखी रंगात आले.

"लोक पांढऱ्या ढगाला वाफ समजतात. ते नुसते पाण्याचे थेंब! खरी वाफ इथे, तोंडाशी, जिथे काहीच दिसत नाही!" आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवानिशी त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"आई गं!"

तिने त्यांना ओढत नळाखाली नेलं. मास्तर विव्हळत होते, पण शिकवणं चालूच. "गार अंगाला लागली की... दडलेलं सगळं... एकदम बाहेर..."

"माझंही!" ती कडाडली. "अकरा वेळा सांगितलं बसचं! मी बरं म्हणते म्हणजे मला बरं वाटतं होय? ताई तिकडे घाबरून बसलीय आणि मी इथे तोंडाची वाफ दवडतेय!"

मास्तरांना मनापासून लाज वाटली. इतकी वर्षं ते हिचा काटाच बघत आले होते. खाली आच किती आहे, हे बघायला कधी वाकलेच नव्हते.

साडेपाचची बस मिळाली. ताईने फोनवर सांगितलं, कितीही उशीर होऊ दे, मी जागी आहे. मास्तरांच्या बोटाला पट्टी, मांडीवर बायकोची पिशवी.

"काटा कितीवर आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शंभरावर."

मास्तरांनी उरलेली नऊ बोटं पिशवीखाली लपवली.