सुकटीचा डबा आणि सोऱ्याची मांडणी

प्रितेश सुपरवायझर येताना दिसला आणि हौसाने सुकटीचा डबा झटकन समोरच्या मांडणीच्या रिकाम्या कप्प्यात सरकवला. पूर्णा गावच्या या गोदामात खाणं आत आणणाऱ्याला त्याच दिवशी घरी बसवत, त्यात सुकट! पण सवयीने तिचा हात मांडणी परत धाडायच्या हिरव्या बटणावर पडला. खालच्या बुटक्या रोबोने अख्खी मांडणी उचलली आणि डब्यासकट जाळीपलीकडे नेली. तिथे माणसाला मज्जाव.

"आता गं?" शेजारच्या काउंटरवरची दिपाली म्हणाली. "कोनी त्यातली वस्तू मागवल्याबिगर ती मांडणी येनार न्हाय."

मांडणीत होता चकलीचा सोऱ्या. दिवाळी सरलेली, त्याला कुत्रं विचारत नव्हतं. महिन्याभरात हौसाने आज पहिलाच काढला होता. तिने सुनेला फोन लावला.

"मेघाली, मोबाइलवर एक सोऱ्या मागव. आत्ताच्या आत्ता!"

"आई, घरात दोन हायेत."

"माजी नोकरी एकच हाय!"

मांडणी आली, पण सहा नंबरच्या काउंटरवर. ज्याचा हात मोकळा त्याच्याकडे माल धाडायचा, अशी त्या सिस्टिमची रीत. सहा नंबरवाल्याने नाक मुरडून आपलेच बूट तपासले. दुसऱ्या सोऱ्याला मांडणी दोन नंबरवर गेली. मग मेघालीने सगळ्या आळीला कामाला लावलं. काल्हेरची नणंदही मागे राहिली नाही.

अकराव्या सोऱ्याला जाळीआडच्या मांडण्या एकेक करून बाजूला सरल्या. ना हाक, ना धक्का. मोकळ्या झालेल्या वाटेने सोऱ्याची मांडणी सरळ हौसासमोर येऊन थांबली. बरोबर एक वाजला होता. हौसाचा ऊर भरून आला. तिने डबा जॅकेटआड घेतला.

"मावशी!" मागे प्रितेश उभा. हौसाने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. पण त्याची नजर स्क्रीनवर होती. "भिवंडीला आज झालंय काय? जो तो सोऱ्या मागवतोय!"

"लोकांना चकलीची हौस, साहेब."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मांडणी कोणी न बोलावताच तिच्यापुढे हजर झाली.

"सिस्टिमने ओळखलंय," प्रितेश कौतुकाने म्हणाला. "एक वाजता सोऱ्या खपतो. म्हणून आधीच आणून ठेवलाय."

हौसाने त्या बुटक्या रोबोला मनोभावे हात जोडले. तीस वर्षं संसार करून नवऱ्याला तिच्या भुकेची वेळ कळली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी ऑर्डरीने सोऱ्याची मांडणी तिच्यापुढे आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, डबा आपल्या हाताने मांडणीत ठेवला आणि हिरवं बटण दाबलं.