ग्यानबाची शेगडी

लेकीची, बेबीताईची सोयरीक रविवारी, आणि तिच्यासाठी काढून ठेवलेली केळी बुधवारीच पिवळी पडू लागलेली! पंच्याहत्तर सालच्या त्या दिवाळीत, कारंजा गावाजवळच्या मळ्यात, ग्यानबाच्या तोंडचं पाणी पळालं. "पेढे कायले? माह्या मळ्यातली केळी खाऊ घालतो," असं तो होणाऱ्या व्याह्याला, गोविंदाला, छाती फुगवून सांगून बसला होता.

नागपुरात रसायनशास्त्राचं संशोधन करणारा त्याचा थोरला मुलगा देवमन सुटीत घरी आला होता. ग्यानबानं त्यालाच गाठलं. "केळी पिकते कायनं रे?"

"फळातून इथिलीन नावाचा वायू निघते, त्यानं पिकते, बाबा. मी त्याच्यावरच काम करून राह्यलो. हवेतला हायड्रॉक्सिल नावाचा कण त्या वायूवर तुटून पडते, त्याले संपवते. अन् गंमत पाहा, गरम केलं का ही क्रिया मंदावते!"

ग्यानबाला 'मंदावते' तेवढं कळलं, आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. पोराला न विचारता त्यानं केळी ठेवलेल्या बंद खोलीत गोवऱ्यांची शेगडी पेटवून ठेवली. शुक्रवारी सकाळी दार उघडलं, तर अख्खा ढीग पिवळाधमक. काही फण्यांवर काळे ठिपकेसुद्धा आलेले.

देवमननं कपाळावर हात मारला. "बाबा, मंदावते ते वायूचं संपणं! वायू टिकला तं केळी अजून जल्दी पिकन. वरून धुरात बी तोच वायू!"

"म्हंजे मंदावलं, म्हणून जल्दी झालं?"

"तसंच समजा," देवमन हात टेकून म्हणाला.

ग्यानबाला समजत तर काहीच नव्हतं. पण रविवारी काळी केळी पुढं ठेवली असती, तर नाक कापलं गेलं असतं. ग्यानबा सायकल दामटत गोविंदाच्या गावी पोचला. "सोयरीक उद्याच करू."

गोविंदाचे डोळे बारीक झाले. "एवढी घाई काहून? पोरीत काही खोट हाय काय?"

केळीपायी पोरीची सोयरीक मोडते की काय! घाबरून ग्यानबानं होतं ते सांगून टाकलं. "शेगडीनं मंदावलं, म्हणून जल्दी झालं. देवमनचं संशोधन हाय."

गोविंदाला काही उमगलं नाही, पण एवढ्या शिकलेल्या घरापुढं 'कळलं नाही' कोण म्हणणार? "हां, होते असं कधीकधी," तो मान डोलावत म्हणाला.

शनिवारी सोयरीक झाली, केळ्यांचा फडशा पडला आणि ग्यानबाचा जीव भांड्यात पडला. निघताना गोविंदानं त्याला बाजूला घेतलं.

"व्याही, लग्न जरा लांबवा लागन. कापूस घरात येऊ द्या." मग इकडंतिकडं पाहत त्यानं आवाज खाली आणला. "त्याच्यासाठी शेगडी पेटवा लागते, का इझवा लागते?"

ग्यानबानं गंभीर चेहरा केला.

"पोराले इचारून सांगतो."