अकरावा शब्द

जाधव गुरुजींच्या पडवीत गेरूने ओढलेल्या दोन रेघा आहेत. एकीपासून दुसरी बरोबर चार मीटरवर. घरी येणाऱ्या माणसाला चहा मिळण्याआधी या रेघांमधलं अंतर चालून दाखवावं लागतं. गुरुजी खुर्चीत बसून शाळेच्या क्रीडास्पर्धांतलं जुनं स्टॉपवॉच दाबतात, सेकंद सांगतात आणि शेरा देतात. पोस्टमनला ‘ठीक’ मिळालेलं आहे. ग्रामसेवकाला ‘पाय घासतो’. मी शेजारी राहतो, त्यामुळे माझी चाचणी जास्त वेळा होते. मला दोन वर्षं सतत ‘प्रयत्न करावा’ मिळत आहे.

गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर. मुरुडच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते निवृत्त झाले. अंगात पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. गावातली साठी-पासष्टीपर्यंतची बहुतेक माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत, आणि ती अजून त्यांच्यासमोर बिडी लपवतात. आपल्या शाळेबद्दल बोलताना ते एकच वाक्य वापरतात : “निकाल शंभर टक्के.”

हा निकाल कसा लागायचा, हे गावाला ठाऊक आहे. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे. साहेब काय विचारतात ते गुरुजी शेजारच्या गावच्या शिक्षकांकडून आदल्या आठवड्यात काढून घ्यायचे. मग शाळा तीच उत्तरं सुरात म्हणायची. साहेब खूश होऊन जायचे. एकदा साहेबांनी प्रश्न विचारण्याआधीच हिराजी कोळ्याने उत्तर दिलं होतं. हिराजी आता पासष्टीला आला आहे आणि ते उत्तर त्याला अजून येतं. प्रश्न आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाचं एक पथक गावात आलं. म्हातारपणी माणसाचं शरीर आणि डोकं कसं बदलतं, आणि ते जास्त काळ धड कशाने राहतं, याचा अभ्यास होता. साठीच्या पुढची माणसं निवडायची आणि वर्षातून एकदा त्याच माणसांना तेच विचारायचं. हाताची पकड यंत्रावर मोजायची. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं. चार मीटर चालायचं. आजचा वार, तारीख, महिना सांगायचा. शेवटी दहा शब्द ऐकायचे आणि आठवतील तेवढे परत म्हणायचे.

गावाने याला पाहणी म्हटलं. गुरुजींनी परीक्षा म्हटलं.

पथकातली मनवा नावाची मुलगी त्यांना समजावत होती, तेव्हा मी तिथे होतो. ती म्हणाली की यात पास-नापास काही नसतं. गुरुजींनी तिच्या हातातला कागद मागून घेतला, चष्मा वर सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे एक रिकामा चौकोन होता आणि पुढे ‘रेफर’ असं छापलेलं होतं.

“नापास नसतं, तर हा चौकोन कशाला, परीक्षकबाई?”

मनवाने सांगितलं की कुणाला तपासणीची गरज वाटली तर तिथे खूण करून दवाखान्याची चिठ्ठी देतात. गुरुजी “बरं” म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं.

त्या वर्षी गुरुजींना दहापैकी सात शब्द आठवले. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंना चार. पस्तीस टक्क्यांना पास, म्हणजे ही काठावर पास, असं गुरुजींनी मला कुंपणावरून सांगितलं. काकू आतून म्हणाल्या की चार शब्दांत त्यांचा संसार चालतो, दहा लागतात ते गुरुजींना.

त्याच फेरीत हमीदचाचांच्या चौकोनात खूण झाली. चाचा गुरुजींचे जुने मित्र. संध्याकाळी दोघं बंदरावर बसायचे. चाचांच्या पायांना सूज होती. चिठ्ठी घेऊन ते तालुक्याला गेले, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. एकविसाव्या दिवशी रुग्णवाहिका त्यांना घेऊन परत आली, आणि उतरवून घ्यायला माणसं लागली. त्यांचं हृदय आधीच निकामी होत आलं होतं. चिठ्ठी नसती तर फार तर महिन्या-दोन महिन्यांचा फरक पडला असता, असं एका डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. गुरुजींनी फक्त घटनांचा क्रम पाहिला. चौकोन, खूण, मुंबई, कफन. तेव्हापासून ‘रेफर’ हा शब्द त्यांच्या घरात उच्चारायला बंदी झाली.

काकूंचं विसरणं साधारण त्याच सुमारास सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग हमीदचाचा हल्ली येत नाहीत, काही बिनसलं का, अशी चौकशी. मग एका सकाळी त्या पिशवी घेऊन थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हसळ्याची एसटी हवी होती. म्हसळा त्यांचं माहेर. तिथे आता कुणी नाही. कंडक्टर गुरुजींचा विद्यार्थी होता, त्याने त्यांना हाताला धरून घरी आणलं. गुरुजींनी त्याला चार मीटर चालवलं, चहा दिला आणि सांगितलं की काकूंना हवापालट हवा असतो.

मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर आहे. त्याला फोनवर नेहमी एवढंच कळायचं, आई मजेत आहे.

मग गुरुजींनी पेपर फोडला. काम त्यांच्या सवयीचं होतं. ते थांब्यावरच्या शेडमध्ये पाटी घेऊन बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाहणीतले शब्द विचारू लागले. कुणाला दोन आठवत होते, कुणाला एक. हिराजीने छातीठोकपणे ‘सुरमई’ सांगितला. तो शब्द यादीत नव्हता. बहुमताने बाद झाला. हिराजी त्यावर दोन दिवस बोलला नाही. आठवडाभरात वीसेक म्हाताऱ्यांच्या डोक्यांतून मिळून एक यादी पूर्ण झाली : नारळ, खुर्ची, नदी, टोपी, बैल, चमचा, रस्ता, आरसा, फूल, चावी.

विद्यापीठ पेपर बदलेल तर, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “पस्तीस वर्षांत साहेब बदलले. प्रश्न बदलले नाहीत.”

पुढच्या फेरीपर्यंत रोज दुपारी चारला त्यांच्या स्वयंपाकघरातून ती यादी ऐकू यायची. बाराखडीच्या चालीवर. एक शब्द गुरुजींचा, एक काकूंचा, मग उलट, मग सगळे एकट्या काकूंचे. त्या चुकल्या की गुरुजी ओरडत नसत. “आधी नीट ऐक,” एवढंच. काकू कधी वैतागायच्या. म्हणायच्या, मी काय पहिलीत आहे का. तरी पुन्हा म्हणायच्या. चहा टाकताना म्हणायच्या, भाकरी थापताना म्हणायच्या. पुढे पुढे कुणी काही न विचारता म्हणायला लागल्या. मी ते ऐकत होतो. म्हातारपणी दोघांना विरंगुळा सापडला, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या फेरीत पथक घरोघर गेलं. मी एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवतो, म्हणून कॅमेरा घेऊन बरोबर होतो. मनवाची खुर्ची भिंतीला पाठ करून मांडलेली होती. भिंतीवर फळा होता. फळ्यावर ठळक अक्षरांत वार, तारीख, महिना आणि वर्ष. काकूंनी मनवाच्या डोक्यावरून पाहत चारही उत्तरं बरोबर दिली. मग दहा शब्द. यादी तीच होती. काकूंनी दहाच्या दहा म्हटले, ओळीने. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तेव्हाही दहा. मनवाला इतका आनंद झाला की तिने काकूंचा हात धरला. असं फार क्वचित होतं, म्हणाली. गुरुजी दारात उभे होते. ते म्हणाले, “निकाल शंभर टक्के.”

चौकोन रिकामा राहिला. मी पाठवलेली बातमी तिसऱ्या दिवशी छापून आली : खाडीकाठच्या आजींची स्मरणशक्ती शाबूत. फळा मी पाहिला होता. गुरुजी सवयीने रोज लिहीत असतील, असं धरून चाललो आणि खात्री केली नाही. बातमी चुकीची होती.

त्यानंतर चौथ्या महिन्यात, एका दुपारी, गुरुजी पेन्शनच्या कामाला मुरुडला गेले असताना काकू घरातून निघाल्या. फाटकाला कडी नव्हती. कडी लावायची गरज आहे, असं गुरुजींना कुणी सांगितलेलं नव्हतं. ओहोटी होती. थांब्याकडे जाणारी वाट सोडून त्या खाडीत उतरल्या. तीनच्या सुमारास हिराजी आणि त्याचा भाऊ होडीकडे चालले होते. त्यांना त्या कमरेइतक्या चिखलात बसलेल्या दिसल्या. खुबा मोडला होता. हिराजीने त्यांना ओळखलं होतं. पण शुद्धीवर आहेत का हे पाहायला त्याने नाव विचारलं.

गुरुजी एसटीतून उतरले तेव्हा हिराजी थांब्यावर उभा होता. त्याच्या अंगावरचा चिखल वाळला होता. मीही तिथे होतो.

“गुरजी, म्हातारी हाय. जिती हाय,” तो म्हणाला. “आमी नाव इचारला. तं ती बोलते नारल, खुर्ची, नदी. गाव इचारला, तं परत तेच. सगले दहा बोलली. एक पन नाय चुकली.”

त्याला वाटलं होतं, हे ऐकून गुरुजींना बरं वाटेल.

काकू तालुक्याला गेल्या, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. गुरुजी प्रत्येक ठिकाणी बरोबर होते. सव्वा महिन्याने रुग्णवाहिका त्यांना घेऊन परत आली. काकू जिवंत होत्या. हे गुरुजींच्या अंदाजात कधी बसलेलंच नव्हतं. आता त्या चालत नाहीत आणि कुणाला ओळखत नाहीत. मुलगा येतो तेव्हा त्याला कंडक्टर समजतात.

तिसऱ्या फेरीला मनवा आली, तेव्हा गुरुजी पडवीत उभे होते. तिला त्यांनी बसूही दिलं नाही. चालायलाही लावलं नाही.

“पेपर मी फोडला होता,” ते म्हणाले. “फळाही मीच लिहिला. तिचे गुण काढून टाका.”

मनवाने सगळं ऐकून घेतलं. तिने रागावून काही म्हटलं नाही. गुरुजींनीच विचारलं की खरे गुण पडले असते तर काय झालं असतं. मनवा म्हणाली की हा आजार बरा होत नाही. पण घरच्यांना आधी सांगता आलं असतं. एकटं ठेवू नका, फाटकाला कडी लावा, हातात नाव-पत्त्याची पट्टी बांधा, एवढं तरी.

“कडी,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी कागद मागितला आणि चौकोनावर बोट ठेवलं. मनवा म्हणाली की आता त्याची गरज नाही, काकूंवर उपचार चालूच आहेत. गुरुजींचं बोट तिथून हललं नाही. तिने खूण केली. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून शेजारी स्वतःची सही केली, पालकांनी प्रगतिपुस्तकावर करावी तशी.

मग त्यांची स्वतःची तपासणी झाली. चालण्याला मागच्यापेक्षा सेकंद जास्त लागला. दहापैकी पाच शब्द आठवले, कारण यादी बदललेली होती. विद्यापीठ आता चार वेगवेगळ्या याद्या वापरतं. हाताची पकड मात्र वाढली होती. यंत्र बिघडलं असेल म्हणून मनवाने पुन्हा मोजली, तेवढीच आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पकड वाढत नाही, असं ती म्हणाली. गुरुजी दिवसातून सहा वेळा काकूंना काखेत हात घालून उचलतात, कूस बदलतात, चादर काढून पिळतात. त्या कागदावर यासाठी ओळ नव्हती.

फाटकाला आता दोन कड्या आहेत.

दुपारी चारला अजून कुंपणापलीकडून यादी ऐकू येते. बाकी सगळं गेलं, यादी राहिली. ‘नारळ’ म्हटलं की काकूंची मान वळते आणि त्या ‘खुर्ची’ म्हणतात. दिवसभरात दोघांचं तेवढंच बोलणं होतं. जेवण भरवायचं तेही शब्द आणि घास, शब्द आणि घास, असं.

हल्ली त्यात एक फरक झाला आहे. ‘चावी’नंतर गुरुजी थांबतात आणि आणखी एक शब्द म्हणतात. “यशवंत.” हे त्यांचं नाव. गावात ते कुणी घेत नाही. सगळे गुरुजीच म्हणतात. पलीकडून काही ऐकू येत नाही. ते पुन्हा म्हणतात. मग पहिल्यापासून, नारळ.

गेल्या आठवड्यात मी भाजी द्यायला गेलो होतो. रेघांमधून चाललो. स्टॉपवॉच खुंटीला टांगलेलं होतं, ते त्यांनी काढलं नाही. आत यादी संपत आली होती. अकरावा शब्द दोनदा झाला. काकू आढ्याकडे पाहत होत्या. गुरुजींनी मला पाहिलं आणि काकूंच्या हनुवटीवरची पेज पुसली.

“तिला येत नाही असं नाही,” ते म्हणाले. “लग्नात सगळ्या बायका नाव घे म्हणून मागे लागल्या होत्या, तर पदर तोंडात धरून हसत बसली. त्यानंतर बावन्न वर्षांत एकदाही घेतलं नाही.”

त्यांनी वाटी खाली ठेवली.

“येतं तिला. ती घेत नाही.”