चमचाभर वामनराव

मागच्या श्रावणात आमची सोसायटी होमोजिनाइज करून घेतली, तेव्हापासून इथे कुणाच्याच घरात दुःख वर तरंगत नाही.

आम्ही सगळे डेअरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. होमो म्हणजे सारखं, मूळ शब्द ग्रीकांचा. दूध दाबाने बारीक फटीतून काढलं की साय फुटते आणि पिशवीभर सारखी पसरते. आमच्या ह्यांनी, वामनरावांनी, जन्मभर तेच मशीन चालवलं. सोसायटीत ठरावही ह्यांनीच मांडला. तळमजल्यावरच्या माई तेव्हा मुलगा गेल्यापासून रडून रडून अर्ध्या झाल्या होत्या. "प्रत्येकाने चमचाभर घेतलं तर काय बिघडतं?" हे म्हणाले. बिघडलं काहीच नाही. माई दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला बसल्या.

मार्गशीर्षात हे गेले. संध्याकाळपर्यंत वाटणी झाली. वरच्या अत्तारभाईंना अर्धीच भाकरी गेली. माईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही लावला, तेवढाच. मग आमटी-भात जेवले आणि ढाराढूर झोपले. सकाळी उठले ती संतापूनच.

तडक सेक्रेटरींकडे गेले. "आवटी, नवरा माझा मेला."

"हो, वहिनी."

"मग मला माईंइतकंच वाईट का वाटतंय?"

"म्हणजे वाटणी बरोबर झालीय. कमी पडलंय का?"

"कमी? अहो, माझं आहे ते! सगळं परत द्या मला."

आवटींनी चष्मा काढला. "फुटलेली साय पुन्हा जमत नाही, वहिनी. वामनरावांनीच शिकवलंय आम्हाला. आणि दुःखाला चिकटलेलं सगळंच त्याच्याबरोबर जातं. आठवणीसुद्धा. माझ्याकडे त्यांची शीळ आलीय."

"कुठली शीळ?" मी विचारलं.

त्यांनी मला चहा विचारला.

माझ्या वाट्याला ह्यांचा शेवटच्या आठवड्यातला खोकला आलाय, बाकी काही नाही. म्हणून मी दारोदार फिरले. मेली लाज कसली त्यात? माईंकडे ह्यांचा लग्नातला फेटा निघाला. अत्तारभाईंकडे आमचं एक कडाक्याचं भांडण निघालं, त्यांनी ते खाली मान घालून सांगितलं. मी ऐकून घेतलं, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथली तेजल नवी भाडेकरू, ह्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. दार उघडल्या उघडल्या तिचा चेहरा उतरला.

"काकू, कसं सांगू? ते तुम्हाला एका नावाने हाक मारायचे. घरात कुणी नसताना."

"मला?"

"हो. चिमे म्हणायचे."

मला काहीच आठवलं नाही. "पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"चिमे," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, तेवढंच.

आता रोज चहाच्या वेळी मी तिसऱ्या मजल्यावर जाते. तेजल मला एकदा हाक मारते. मी ओ देते, खाली येते आणि कुकर लावते.