कात्रीबहाद्दर मास्तरांनी उरलेल्या गोळ्या संपवावयास घेतल्या त्याची हकीकत

सकळ मधुमेही मंडळींस दंडवत, आणि ज्यांस तो अद्यापि जडला नाही त्यांस अंमळ जपूनच दंडवत. विनंती ऐसी जे, शिवणकलेचे सरनोबत, कात्रीबहाद्दर, सुईदौलत, टेपधारक मास्तर यांनी शर्करा नामे गनिमावर मोहीम मांडिली, आणि त्या मोहिमेत गनीम राहिला बाजूस व स्वतःच कैसे घेरले गेले, आणि मग कोणाच्या पराक्रमाने सुटले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातलेले नाही. जेथे हसू आवरेना तेथे लिहिणाराने लेखणी खाली ठेवून हसून घेतले आणि मग पुढे लिहिले.

मास्तरांचे राज्य म्हणजे रस्त्याकडेचे एक दुकान आणि त्यामागील दोन खोल्या. पुढे शिवणयंत्रे, कापड बेतण्याचे लांब मेज, इस्त्री आणि आरसा. मागे स्वयंपाकघर आणि तेथे बाईसाहेबांचा अंमल. बाईसाहेब म्हणजे मास्तरांचे कुटुंब, काज-बटण खात्याच्या मुखत्यार, आणि खरे पाहता बाकी सर्व खात्यांच्याही. मास्तरांचा कायदा एकच आणि कडक, की दुकानात आलेली वस्तू वाया जावयाची नाही. उरल्या कापडाची उशी होई, आणि उशीतून उरले त्याची टोपी होई, आणि टोपीतून उरले त्याचे कढई धरण्याचे फडके होई, आणि त्यातूनही उरले ते पुढल्या उशीच्या पोटात जाई. येणेंकरून घरात उशा इतक्या माजल्या की पाहुण्यांस बसवावे कोठे हा पेच पडू लागला, तरी मास्तर कायद्यापासून ढळले नाहीत.

ऐशियात शर्करेने मास्तरांच्या रक्तात ठाणे घालून काही वर्षे लोटली होती. डॉक्टरसाहेबांनी तिजवर दोन सरदार नामजाद केले होते, एक धिप्पाड पांढरी गोळी आणि एक चिमुकली हिरवी गोळी, आणि दोघे इमानाने चाकरी बजावीत होते. पुढे डॉक्टरसाहेबांनी मसलत केली की दोन सरदारांची दोन बिऱ्हाडे कशास, आणि दोन्ही औषधे जीत एकत्र नांदतात ऐसी एकच नवी गोळी बहाल केली, आणि फर्माविले, की सकाळी न्याहारीबरोबर ही एकच घ्यावी, आणि न्याहारी कदापि चुकवू नये, आणि गोळी मोडू अथवा चावू नये, आणि एके दिवशी विसरली तर दुसरे दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये, आणि मुख्य म्हणजे जुन्या दोन्ही गोळ्या आजपासून बंद, कारण त्या हिच्या पोटात आहेतच.

फर्मान स्वच्छ होते आणि आवाज खणखणीत होता. परंतु होणारे चुकत नाही. डॉक्टरसाहेबांच्या पांढऱ्या कोटाची डावी बाही खांद्यास वाकडी बसली होती, तिजवर मास्तरांची नजर गेली ती तेथेच अडकली. मग मास्तरांनी मनातल्या मनात ती बाही उसवली, आणि चुण्या सारख्या केल्या, आणि पुन्हा जोडून वरून इस्त्रीही फिरविली, तोवर फर्मान संपून गेले. मास्तरांनी समाधानाने मान डोलविली. ती बाहीसाठी डोलविली होती, परंतु डॉक्टरसाहेब समजले की आपल्यासाठी, आणि त्यांनी पुढल्या रुग्णास बोलाविले.

घरी येताच बाईसाहेबांनी जबाब मागितला. मास्तरांनी कळविले की नवी गोळी आली, न्याहारीबरोबर घ्यावयाची, आणि डॉक्टरांचा शिंपी अगदीच गाढव आहे. इतकेच त्यांच्या ध्यानात राहिले होते. मग त्यांनी बटणांचा डबा उघडला तो आत जुन्या गोळ्यांची पाकिटे, अर्धीअधिक भरलेली. कायदा तो कायदा. तेव्हा त्यांनी ठरविले की नवी गोळीही घ्यावी आणि जुन्याही संपवाव्यात, म्हणजे एकाच गडावर तेच दोन सरदार एका वाटेने एकदा आणि दुसऱ्या वाटेने पुन्हा एकदा चढवावेत, आणि ह्या हुशारीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. पहिले दिवशी पोटभर न्याहारी झाली असल्याने दुपारी हात किंचित कापला एवढेच, त्याचे खापर मास्तरांनी उकाड्यावर फोडले.

दुसरे दिवशी सकाळी जादूगारसाहेब दाखल जाहले. त्यांस रंगमंचावर मिरविण्यास मखमली डगला हवा होता, आणि निळी मखमल त्यांनी कोठून कोठून पैदा केली होती, तिचा तेवढाच तुकडा, दुसरा मिळणे नाही. मास्तरांस स्फुरण चढले. त्यांनी तिन्ही गोळ्या पाण्याबरोबर घशाखाली रवाना केल्या, आणि न्याहारी आणून ठेविली होती ती मेजाच्या कोपऱ्यास सारिली, आणि हुकूम सोडला की आधी डगला, मग खाणे.

मग खडू हाती घेऊन मास्तर मखमलीवर उतरले. जो हात आजवर फूटपट्टीवाचून सरळ रेघ ओढीत आला, त्या हाताने ओढलेली रेघ मधेच वळली, आणि पुन्हा वळली, आणि मेजाबाहेर जाऊ लागली. कपाळी घाम फुटला. भूक ऐसी लागली की खडू खावा. तरी मास्तरांनी कात्री उचलली, आणि जादूगारसाहेबांनी श्वास रोखला, आणि तितक्यात बाईसाहेब काज करता करता सुई तशीच सोडून उठल्या.

"अहो, रेघ वाकडी आलीय," त्या म्हणाल्या.

"रेघ सरळ आहे. तुझी नजर वाकडी आहे," मास्तर खेकसले. उभ्या संसारात मास्तर कधी खेकसले नव्हते, तेव्हा बाईसाहेब काय समजायचे ते समजल्या. त्यांनी मनगट धरले ते ओले गार लागले. त्यांनी कात्री काढून घेतली आणि मास्तरांस उशांवर बसविले, आणि ह्या राज्यात उशा प्रथमच कामास आल्या.

मग साखरेचा पुकार जाहला. बाईसाहेब आत धावल्या. इकडे जादूगारसाहेबही मदतीस सरसावले आणि बाहीत हात घालून काही गोड सापडते का पाहू लागले, तो आधी तांबडा रुमाल निघाला, आणि त्यास बांधलेला पिवळा, आणि त्यास बांधलेला हिरवा, आणि मग कागदी फुले, आणि एक लाकडी अंडे. हयातभर टोपीतून हवे ते काढणारा गृहस्थ, परंतु एक चमचा साखर काही निघेना. तो रडकुंडीस आला.

बाईसाहेब साखरपाण्याचा पेला घेऊन आल्या तो मास्तरांनी तोंड फिरविले.

"साखर नको. मी सोडलीय. शपथ घेतलीय."

"शपथ माझ्याकडे द्या. तुम्ही पाणी प्या."

मास्तर शुद्धीवर होते म्हणून पिऊ शकले, आणि बाईसाहेबांचा डोळा पाहून प्यालेही. मग बाईसाहेबांनी त्यांचे बोट टोचून रक्त मोजण्याच्या यंत्रास दाखविले, तो आकडा खाली, फारच खाली. गनीम माजला नव्हता, तो पार लयास जाऊ पाहात होता, आणि जाता जाता मास्तरांस संगे नेणार होता. थोड्या वेळाने आकडा वर चढला, मास्तरांस न्याहारी भरविली, आणि ते लाजून जादूगारसाहेबांस म्हणाले की रेघ खरोखरीच वाकडी आहे. मग जादूगारसाहेबांनी गाडी मागविली आणि तिघे दवाखान्याकडे कूच करते जाहले. वाटेत बाईसाहेब खिडकीबाहेर पाहात होत्या. मग त्या हळूच बोलल्या.

"मला वाटलं, तुम्ही गेलात. त्या तेवढ्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून."

मास्तरांनी बायकोचा हात धरला आणि दवाखाना येईतो सोडला नाही.

डॉक्टरसाहेबांनी सारी हकीकत ऐकली आणि प्रथम कपाळास हात लाविला. मग सांगितले की हिरव्या गोळीचा अंमल लांब चालतो, साखर पुन्हा घसरू शकते, यास्तव मास्तरांनी संध्याकाळपर्यंत येथेच नजरकैदेत राहावे. आणि मग ते फर्मान नव्याने वाचू लागले, तो बाईसाहेबांनी पाहिले की मास्तरांची नजर पुन्हा हळूहळू डाव्या खांद्याकडे चालली.

"डॉक्टर, तेवढा कोट काढून बोला," त्या म्हणाल्या. "नाहीतर यांच्या कानात काही शिरायचं नाही."

डॉक्टरसाहेबांनी मुकाट्याने कोट काढला, आणि मास्तरांनी प्रथमच सबंध फर्मान ऐकिले, आणि बाईसाहेबांनी ते त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतले, आणि एक चुकताच पहिल्यापासून म्हणविले. एक गोळी. न्याहारीबरोबर. जुन्या बंद. हात कापला, घाम आला, की आधी साखर आणि मग बाकी सर्व, आणि खिशात साखरेची पुडी सदैव. औषध बदलले की जुने काय करावयाचे ते विचारूनच घरी यावे.

राहिली शेवटली लढाई, आणि ती सर्वांत बिकट. जुनी पाकिटे औषधाच्या दुकानी द्यावयाची होती, तेथे ती नष्ट करण्यास पाठवीत. मास्तर पाकिटे छातीशी धरून बसले. मग त्यांनी तहाचे बोलणे लाविले, की पांढऱ्या गोळ्यांस दोन दोन भोके पाडून सदऱ्यास बटणे करावीत, शोभतील. बाईसाहेबांनी तह फेटाळिला. मग हिरव्या गोळ्या टाचण्यांच्या डोक्यांस लावाव्यात ऐसी तजवीज पुढे आली, तीही बुडाली. अखेरीस मास्तर उठले, आणि औषधाच्या दुकानापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले, आणि पाकिटे गल्ल्याशेजारी ठेविली, आणि मागे न पाहता परतले. येताना डोळे पुसले ऐसे काही लोक सांगतात, परंतु त्यास पुरावा नाही.

दुसरे दिवशी सकाळी मास्तरांनी न्याहारीचा पहिला घास घेतला, आणि एकच गोळी घेतली, आणि बाईसाहेबांच्या समोर तोंड उघडून जीभ वर, जीभ खाली करून दाखविली. मग ताट पुसून खाल्ले. मग खडू घेतला आणि निळ्या मखमलीवर रेघ ओढली, ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, आणि दारात उभ्या जादूगारसाहेबांनी टाळ्या पिटल्या.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ह्या युद्धात खर्च जाहला तो ऐसा, साखर एक पेला, खडू अर्धा, आणि पाकिटे जितकी होती तितकी. माणूस कोणी पडले नाही. बाईसाहेबांच्या बाजूस माणूस एकच होते, ते शाबूत राहिले.