टीव्हीवर आलेला अर्ज

दुलमाला बदली हवी होती आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस आज होता.

गोबी वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या खोऱ्यात ती सात वर्षं जनावरांची डॉक्टर होती. पूर्वी अर्ज कागदावर जायचे आणि कागद वाटेतच गहाळ व्हायचे, त्यामुळे कुणाचीच बदली होत नसे आणि कुणाला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. यंदा जिल्ह्याच्या कचेरीनं सगळा कारभार संगणकावर आणायचं ठरवलं. प्रत्येकाला संगणक देणं परवडेना, म्हणून प्रत्येकाला एक स्वस्त फोन, एक वायर आणि एक कीबोर्ड दिला. वायर टीव्हीला जोडली की फोनचाच संगणक होतो, असं सांगितलं. ते खरंही होतं. फक्त टीव्ही ज्याचा त्यानं मिळवायचा होता.

अख्ख्या खोऱ्यात चालू टीव्ही एकच, यांजिनमावशींच्या तंबूत. नुसत्या फोनवर अर्ज उघडायचा, पण 'पाठवा'चं बटण पडद्याबाहेर राहायचं. दुलमानं बोटानं बरंच ओढून पाहिलं, पण ते काही आत येईना. शेवटी दुपारी तिनं मोटारसायकल काढली. मावशींना तिनं सांगितलं, की शेळ्यांच्या लसीकरणाचा अहवाल पाठवायचाय, पाच मिनिटांचं काम आहे.

मावशींनी दुधाच्या चहात मीठ टाकलं आणि शेजारी निरोप धाडला, की डॉक्टरीण फोनमधून टीव्हीवर काहीतरी लावतेय. वायर जोडून होईपर्यंत तंबूत नऊ माणसं आणि थंडीमुळे आत घेतलेली चौदा करडं जमली होती. खोऱ्याचे प्रमुख गोम्बो सगळ्यांत पुढे मांडी ठोकून बसले.

टीव्हीवर वीतभर अक्षरं उमटली : बदलीसाठी विनंती अर्ज.

मग मावशींनी शांतपणे विचारलं, "ह्या शेळ्या कुठं बदलून जातायत?"

दुलमाचे कान लाल झाले. तिनं खरं काय ते सांगून टाकलं. आता सगळे चिडतील असं तिला वाटलं, पण गोम्बो होते सरकारी माणूस. आपल्या हद्दीतून चुकीचा अर्ज जाता कामा नये, एवढंच त्यांना पडलं होतं. त्यांनी पुढचा रकाना मोठ्यानं वाचला. बदलीचं कारण. दुलमानं मान खाली घालून टाइप केलं : एकटेपणा.

"एकटी?" मावशी म्हणाल्या. "काल पाच वेळा चहा झाला माझ्याकडं."

"चहाचं नाही हो मावशी."

"मग? गोम्बोच्या पुतण्याला नाही कोण म्हणालं? आम्ही?"

पुतण्या तिथंच बसला होता. तो उठून करडांना पाणी पाजायला लागला. शेवटी सर्वानुमते 'एकटेपणा' खोडून 'हवामान' लिहिलं गेलं, कारण त्यात कुणाचाच दोष नव्हता.

खरी पंचाईत शेवटच्या रकान्यात झाली. तिथं 'स्थानिक लोकांचं मत' सक्तीचं होतं. गोम्बोंना लगेच युक्ती सुचली. डॉक्टरणीबद्दल इतकं वाईट लिहायचं, की कुठलाच जिल्हा तिला घेणार नाही. "लिही पोरी, हात जड आहे. इंजेक्शन दिल्यावर उंट आठ दिवस बोलत नाही."

"आपल्या पोरीची बदनामी करता होय?" मावशींनी त्यांना गप्प केलं आणि स्वतः सांगायला लागल्या. त्या बर्फाच्या वादळात माझी गाय अडली होती, तेव्हा ही मोटारसायकल ढकलत आली. वासरू बाहेर काढलं आणि तीन दिवस स्वतःच्या कोटात गुंडाळून ठेवलं. मग दुसरा बोलला, मग तिसरा. पुतण्याही मागं न वळता दोन वाक्यं बोलून गेला. स्वतःचंच कौतुक स्वतःच्या बोटांनी टाइप करताना दुलमाला अक्षरं दिसेनाशी झाली. 'पाठवा'च्या बटणावर येऊन ती थांबली. हात मागे घेत म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात एका करडानं कीबोर्डवर उडी मारली. पडद्यावर आलं : अर्ज पाठवला आहे.

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. मावशींनी फोन लोकरीच्या नमद्यात गुंडाळून त्यावर उशी ठेवली. गोम्बोंनी बाहेर जाऊन टीव्हीची तबकडी उलटी फिरवली. पुतण्या घोड्यावर बसला आणि त्यानं विचारलं, "अर्ज कुठल्या बाजूनं गेला?" कुणीतरी टॉवरची टेकडी दाखवली. तो तासाभरानं परतला आणि वाटेत काहीच दिसलं नाही, असं त्यानं कळवलं.

तीन आठवड्यांनी फोनवर उत्तर आलं. विनंती नामंजूर, इतक्या उपयोगी कर्मचाऱ्याला हलवता येणार नाही. दुलमानं दिवसभर तोंड पाडून ठेवलं आणि दिवसभर गुणगुणत शेळ्या तपासल्या. गोम्बो मात्र नाराज झाले. वाईट लिहून जे साधायचं ते चांगलं लिहून साधलं, हे त्यांच्या सरकारी बुद्धीला पटेना.

वसंत सरता सरता जिल्ह्याच्या गाडीतून एक तरुण उतरला. पायांत शहरी बूट, हातात पेटी. नाव दोर्लिग. कचेरीत बदल्यांचे अर्ज हाच वाचत असे. गोम्बोंनी कागद पाहिले, उलटे करून पुन्हा पाहिले.

"तुझी इथं बदली झाली? काय गुन्हा केलास?"

"मागून घेतली," दोर्लिग म्हणाला. "हजारेक अर्ज वाचले. सगळ्यांना कुठून तरी निघायचं होतं. कुणाला तरी थांबवून ठेवायचंय, असा एकच निघाला."

दुलमा एका आडदांड एडक्याची शिंगं धरून उभी होती. तिनं त्याला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "लस टोचता येते?"

"नाही."

"जनावर धरता येतं?"

"आजवर फक्त कागद धरलेत."

"मग या," ती म्हणाली आणि एक शिंग त्याच्या हातात दिलं. "हाही कागदासारखाच, सुईची सही झाल्याशिवाय हलत नाही."