अकराशे त्र्याऐंशीतल्या सासूबाई

"शहरातली कुठलीही बस मला पाठमोरी दाखवा! दाखवू पण नका, नुसता हॉर्न ऐकवा! तिचा नंबर काय, वय काय आणि तिचं कुठलं दार नीट लागत नाही, हे चहा निवायच्या आत सांगितलं नाही तर दुकान बंद करीन!"

अशी बढाई बसोबा गेली बावीस वर्षं मारत आला होता आणि वाईट एवढंच, की ती खरी होती. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला तरी कोण थांबतंय! सगळे त्याला बसोबाच म्हणत. गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात ठेवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं आणि मधेच हा ओरडायचा, "थांबा! सातशे चौदा गेली! गिअरबॉक्स बदललाय वाटतं!" की पळाला बाहेर. गिऱ्हाईक बिचारं तसंच, डोळा झाकून, समाधीत!

तर अशा ह्या बसोबाला सहा अर्ज आणि अकरा हेलपाट्यांनंतर आगारात जाऊन ताफ्याचे फोटो काढायची परवानगी मिळाली. एका दिवसाची. आणि नेमकी त्याच दिवशी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी होती! आठ दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बायकोला कचेरीत रजा नव्हती.

"अहो, नीट ऐका," बायको चप्पल घालताघालता म्हणाली. "आईला साडेअकराला डॉक्टरांकडे न्यायचं. सरळ जायचं, सरळ यायचं. मधे बस बघायला थांबायचं नाही!"

"अगं, मी काय लहान आहे का?" बसोबा म्हणाला. मनात मात्र त्याचं वेळापत्रक तयार होतं. दहाला आगार. अर्धा तास फोटो. दवाखाना तिथून दोन गल्ल्यांवर. एका फेरीत दोन कामं!

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, त्यांचा आवाज अजून झाला नव्हता. डोळ्यांवर हा एवढा मोठा काळा चष्मा, बसोबानेच बनवून दिलेला. काखेत दवाखान्याची फाईल. उजेडात त्यांना सगळं जग भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं दिसत होतं.

"आई, इथे बसा, सावलीत," आगारात पोचल्यावर बसोबाने त्यांना हात धरून एका रिकाम्या बसमध्ये चढवलं. "ही अकराशे त्र्याऐंशी. स्वभावाने फार गरीब गाडी. चौदा वर्षांत रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. आवाज तर इतका गोड..."

"जावईबापू, मला हिच्यात बसायचंय की हिला सून करून घ्यायचंय?"

"दहा मिनिटांत आलो, आई!"

दहा मिनिटं! दुसऱ्या रांगेत त्याला दोनशे सहा भेटली, जी भंगारात गेली अशी अफवा होती. तिसऱ्या रांगेत एका बसचा सायलेन्सर असा काही होता, की बसोबाने सदऱ्याची पर्वा न करता सरळ तिच्याखाली लोळण घेतली. वर आला तेव्हा अकरा वाजले होते. धावतपळत परतला.

अकराशे त्र्याऐंशी नव्हती.

जिथे ती उभी होती तिथे जमिनीवर तेलाचा एक डाग होता. बसोबा त्या डागाकडे बघत राहिला. कापलं असतं तर रक्त निघालं नसतं, निघालंच असतं तर डिझेल निघालं असतं!

शेजारी एक बाई पाइपने बस धूत होती. "इथली... इथली बस?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अकराशे त्र्याऐंशी ना? गेली की! एकोणीस नंबरच्या फेरीवर."

"पण आत माझ्या सासूबाई होत्या!"

"मग त्याही गेल्या," म्हणून बाईने पाइप पुढच्या बसकडे वळवला.

बसोबा आगारप्रमुखांच्या खोलीत घुसला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचाच बाकी होता. आगारप्रमुख शांत माणूस. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी कागद ओढला. "घाबरू नका. वर्णन सांगा."

"लाल रंग, मागच्या डाव्या कोपऱ्याला पोचा, पुढचा वायपर..."

"अहो, सासूबाईंचं वर्णन!"

"हां! वयस्कर बाई. मोठा काळा चष्मा. हातात फाईल."

"साडी कुठल्या रंगाची?"

तीनशे बारा बसगाड्यांचे रंग, पट्टे, पोचे बसोबाला पाठ होते. आणि सकाळपासून ज्यांचा हात धरून फिरत होता त्यांच्या साडीचा रंग आठवेना! स्वतःचाच त्याला असा धक्का बसला, की तो मटकन खुर्चीत बसला.

"एक सांगून ठेवतो," तो पुटपुटला. "सहजासहजी यायच्या नाहीत. रागावल्या की 'कोण जावई? मला जावईच नाही!' असं म्हणतात."

आगारप्रमुखांनी तेही लिहून घेतलं आणि कंडक्टरला फोन लावला. बस स्टेशनच्या पुढे पोचली होती. दोन मिनिटांत कंडक्टरचा उलट फोन!

"साहेब, सापडल्या! काळा चष्मा, फाईल, सगळं बरोबर! पण फार भडकल्यात हो. म्हणतात, मला जावईच नाही!"

"त्याच त्या!" बसोबाने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला.

"आणि म्हणतात, माझं लग्नच झालेलं नाही!"

बसोबाची मूठ जागच्या जागी थांबली. "आज... आज जरा जास्तच रागावलेल्या दिसतात."

"कुठेही थांबू नका," आगारप्रमुखांनी हुकूम सोडला. "कोणी काही म्हणो, गाडी सरळ आगारात आणा!"

तेवढ्यात बसोबाच्या खिशात फोन वाजला. बायको!

"काय हो, पोचलात ना दवाखान्यात?"

"हो हो! नंबर लागायचाय अजून."

"कितवा नंबर आहे?"

"अकराशे त्र्याऐंशी!" बसोबाच्या तोंडून निसटलं.

"एका डॉक्टरकडे अकराशे पेशंट?"

"ऐकू येत नाहीये! आवाज तुटतोय!" बसोबाने फोन कापला आणि घाम पुसला.

वीस मिनिटांनी अकराशे त्र्याऐंशी धूळ उडवत आगारात शिरली. आत चाळीस प्रवासी एकाच सुरात ओरडत होते. कुणाचं ऑफिस मागे राहिलं होतं, कुणाची शाळा. एक गृहस्थ दोन पिशव्या भाजी छातीशी धरून "माझा थांबा! माझा थांबा!" एवढंच म्हणत होते. आणि पुढच्या दाराने, कंडक्टरचा हात कोपराशी, एक बाई उतरल्या.

"सावकाश, आजी, पायरी आहे," कंडक्टर लाडाने म्हणाला. "हे बघा कोण आलंय! घ्या हो, तुमच्या सासूबाई!"

बसोबाचा आ वासला. समोर पन्नाशीची, ताठ कण्याची, कडक इस्त्रीच्या साडीतली एक बाई उभी होती. तिच्या उन्हाच्या काळ्या चष्म्यामागून ठिणग्या उडत होत्या.

"ह्या... ह्या माझ्या नाहीत!" बसोबा किंचाळला.

"आता तुम्हीपण?" कंडक्टरने कपाळावर हात मारला. "अहो, अख्खं घराणंच असं आहे का तुमचं?"

पण आगारप्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी तांबडा, मग पांढरा, मग रंगच नाही. "प... परीक्षक मॅडम!"

"हो, मीच!" बाई म्हणाल्या. "तुमच्या अकरा नव्या चालकांची शेवटची परीक्षा घ्यायला येत होते, साडेदहाला. वाटेत माझी गाडी बंद पडली, म्हणून तुमच्या बसवर विश्वास ठेवला. तर ह्या माणसाने मला उतरू दिलं नाही, फोन करू दिला नाही आणि तीनदा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, आजी, रागावू नका, घरोघरी मातीच्या चुली!"

कंडक्टर हळूच बसच्या मागे गेला.

"आणि माझे उमेदवार कुठे आहेत?"

आगारप्रमुखांनी धावत जाऊन पाहिलं. प्रशिक्षणाची बस जागेवर नव्हती. प्रशिक्षक नव्हते. अकरातला एकही उमेदवार नव्हता! त्यांनी प्रशिक्षकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"साहेब, परीक्षा झकास चाललीय!" प्रशिक्षक कुजबुजले. "आठवा उमेदवार चालवतोय. मॅडम अगदी पुढे बसल्यात."

"कुठल्या मॅडम?" आगारप्रमुख आणि परीक्षक बाई एकदमच ओरडले.

आणि फोनमधून मागून एक खणखणीत आवाज आला, "अहो मास्तर! परीक्षा चालू असताना बोलायचं नाही! फोन खाली ठेवा!"

फोन बंद झाला. तो आवाज बसोबाने गेली अठरा वर्षं रोज जेवताना ऐकला होता.

अर्ध्या तासाने प्रशिक्षणाची बस आली. दारात सासूबाई! काळा चष्मा, काखेत फाईल, पदर खोचलेला. साडी निळी होती. बसोबाने ती नीट बघून घेतली आणि पुढे जाऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आई! कुठे होतात तुम्ही?"

"मी कुठे होते?" सासूबाई म्हणाल्या. "मी बसमध्ये होते. तुम्ही कुठे होतात, जावईबापू?"

बसोबाने मान खाली घातली.

मग उलगडा झाला. अकराशे त्र्याऐंशीत उकडायला लागलं म्हणून सासूबाई उतरल्या आणि चाचपडत, उघड्या खिडक्यांच्या शेजारच्या बसमध्ये जाऊन बसल्या. आत अकरा माणसं होती. काळा चष्मा आणि फाईल बघताच ती खाडकन उभी राहिली. तीस वर्षं वर्गात शिरल्यावर हेच होत आलेलं, त्यामुळे सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "बसा," त्या म्हणाल्या. सगळे बसले.

"प्रशिक्षकांनी विचारलं, मॅडम, सुरू करू या?" सासूबाई सांगू लागल्या. "मी म्हटलं, मघाशीच करायचं होतं! मला वाटलं जावईबापूंनी दवाखान्यात जायला अख्खी बसच केली. ह्यांचा काय नेम!"

"आणि हे?" परीक्षक बाईंनी प्रशिक्षकांच्या हातून कागद हिसकावले. अकरा उमेदवार, अकरा कागद, प्रत्येकावर एकच शेरा: 'एकही चूक नाही.'

"मी मॅडमना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण दर वेळी विचारलं हो!" प्रशिक्षक रडवेले झाले. "मॅडम, काही चुका दिसल्या का? त्या दर वेळी म्हणाल्या, मला काहीही दिसलं नाही!"

"खरं तेच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झालंय माझं."

परीक्षक बाईंनी आपला चष्मा काढला. "म्हणजे ज्यांना समोरचा रस्ता दिसत नव्हता, त्यांनी अकरा जणांना पास केलं?"

"पास?" सासूबाई कडाडल्या. "कोण म्हणालं पास? त्या तिसऱ्या मुलीने गाडी चालवली तेव्हा माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. तिला द्या पास! पण तो पाचवा! ब्रेक लावतो की सूड उगवतो? माझी कवळी दोनदा जागेवरून निघाली! सातवा उजवीकडे वळताना श्वास धरतो आणि वळण संपलं की सोडतो, मला मागून ऐकू येत होता. त्याला अजून महिनाभर घोटून घ्या. बाकीचे बरे आहेत. दहाव्याला म्हणावं, गिअर बदलताना तोंडाने आवाज काढू नकोस, गाडी काढतेय ना!"

दहावा उमेदवार लाजून लाल झाला.

परीक्षक बाईंनी दुपारी पुन्हा अकराही जणांची परीक्षा घेतली, डोळ्यांत तेल घालून. निकाल लागला. तिसरी पहिली आली. पाचवा आणि सातवा नापास. दहाव्याला ताकीद. परीक्षक बाई सासूबाईंकडे बघत राहिल्या. धक्के दिवसभर त्यांनीच खाल्ले होते, पण हा सगळ्यात मोठा होता.

घरी ही हकिकत कळणार नाही अशी बसोबाला एक वेडी आशा होती. पण भाजीवाल्या गृहस्थांनी सगळ्याचं फोनवर चित्रण करून सगळीकडे पाठवून दिलं होतं. बसोबाच्या बायकोने ते कचेरीत, साहेबांच्या फोनवर, सगळ्यांच्या घोळक्यात उभं राहून पाहिलं. त्यात तिचा नवरा ओरडत होता, "ह्या माझ्या नाहीत!" आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सासू नाकारणारा जावई.' त्या संध्याकाळी घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने रजा टाकून आईला स्वतः डॉक्टरकडे नेलं, रिक्षाने.

महिन्याभराने आगारातून दोन पत्रं आली. एक बसोबाला: पुढील सूचनेपर्यंत आगाराच्या फाटकाच्या आत पाऊल ठेवू नये. दुसरं सासूबाईंना: नव्या चालकांच्या प्रत्येक परीक्षेला प्रवाशांच्या वतीने उपस्थित राहावं ही विनंती, न्यायला गाडी येईल.

आणि न्यायला गाडी आली! साधीसुधी नव्हे. शहरात पहिलीच विजेवर चालणारी बस, जी अजून कुणी पाहिली नव्हती, जिचा एक फोटोसुद्धा बाहेर आला नव्हता, ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, आवाज न करता. बसोबा दुकानात एका गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. त्याला हॉर्न ऐकू आला नाही, इंजिन ऐकू आलं नाही, काहीच ऐकू आलं नाही. गिऱ्हाईकानेच बाहेर बोट दाखवलं आणि तो धावत आला, तेव्हा ती सासूबाईंना घेऊन कोपऱ्यावरून वळली होती.

सासूबाई परत येईपर्यंत तो जिन्याच्या पायरीवर बसून होता. त्यांना बघताच उठून त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आई! कशी होती? दारं कशी उघडतात? आतून किती रुंद आहे? चढावर दम लागतो का तिला? सांगा ना, आई! कशी होती?"

सासूबाईंनी पायरीवर थांबून जरा आठवून बघितलं.

"सीट मऊ होती," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काय? मला झोप लागली."